सात चोर, एक घोडी आणि मी

मित्रांनो, मला नुसतं टोपी म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण कृपा करून मला जमिनीवर ठेवू नका. जवळ खुर्ची नसेल तर मांडीवर घ्या, मांडीवर मूल असेल तर एका हातात धरा. एवढं केलंत की मग निवांत बसा आणि माझी गोष्ट ऐका.

मी एक जुना कलपाक आहे. लोकर तुडवून केलेल्या जाड पांढऱ्या कापडाचा, उंच, वर निमुळता होत गेलेला. माझ्या काठाला काळी मखमल आहे आणि चारही बाजूंना मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. किरगिझ माणसाच्या डोक्यावर मी असलो की तो माणूस जरा ताठ चालतो. रात्री निजताना तो मला उशाच्या वर ठेवतो, पायाशी कधीच नाही. मला कुणाला देऊन टाकत नाहीत, माझ्याशी खेळत नाहीत, मला पाय लावत नाहीत. डोक्याचं जे काही बरंवाईट असेल, ते माझ्यात राहतं असं ते लोक मानतात.

माझा जन्म किरगिझ डोंगरांतल्या कोचकोरजवळच्या एका गावातला. बायकांनी मेंढ्यांची लोकर काठ्यांनी झोडपली, चटईवर पसरली, वर उकळतं पाणी शिंपडलं, आणि चटई गुंडाळून सगळ्या गल्लीने ती हसत-खिदळत पायांनी तुडवली. तेवढेच काय ते माझ्या अंगाला मानाने पाय लागले. पुढे मला शिवलं बुरुलने. तिची लेक बेरमेत तेव्हा पाळण्यात होती. लेक झोपली की बुरुल सुई हातात घ्यायची. एका पायाने पाळणा हलवायचा, दोन्ही हातांनी मला शिवायचं आणि कान चुलीवरच्या दुधाकडे ठेवायचे. माझ्या आत, कपाळाला लागतो त्या शिवणीत, एक टाका वाकडा आहे. तो घालतानाच बेरमेत जागी झाली. बुरुल तो नंतर उसवणार होती. पण लेक पुन्हा झोपेपर्यंत दूध उतू गेलं, दूध पुसेपर्यंत मेंढ्या घरी आल्या, आणि टाका राहिला तो राहिलाच. मला मात्र तो फार आवडतो. हात लावला की कळतं, हा मीच.

बुरुलने मला नवऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. त्याचं नाव शाइलोबेक. तो सिनेमात काम करायचा. म्हणजे, सिनेमात पडायचा. मोठमोठ्या नटांच्या जागी त्यांचे कपडे घालून घोड्यावरून उडी मारायची, छतावरून कोसळायचं, पेटत्या गवतातून लोळत जायचं. पडायचा शाइलोबेक आणि उठून उभा राहायचा दुसराच कुणीतरी देखणा माणूस. पडून पडून त्याचा उजवा खांदा निखळायला लागला होता. तो खांदा बुरुल मेंढीच्या चरबीने चोळून द्यायची.

गावातल्या सभागृहात त्याचा एखादा सिनेमा आला की बेरमेत आईच्या मांडीवर बसून विचारायची,

"बाबा कुठे आहेत?"

"ते बघ, घोड्याखाली."

"तोंड कुठंय त्यांचं?"

"तोंड ना? तोंड घोड्याच्या पलीकडे."

सहा वर्षांची झाल्यावर एकदा तिने बापालाच विचारलं, "बाबा, तुम्हाला तोंड दाखवायला बंदी आहे का?"

सगळे हसले. शाइलोबेकही हसला. पण नंतर बराच वेळ तो मला मांडीवर घेऊन माझा काठ गोल गोल फिरवत राहिला. मित्रांनो, कलपाकाला बोटांची भाषा कळते. ती बोटं हसत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात राजधानी बिश्केकहून माक्सात नावाचा तरुण दिग्दर्शक गावाच्या वरच्या कुरणात सिनेमा काढायला आला. सिनेमाचं नाव होतं 'सात चोर, एक घोडी'. लग्नाची घोडी चोर पळवतात, आणि नवऱ्या मुलाचा भोळा काका ती सोडवायला निघतो, अशी मारामारीची आणि गमतीची गोष्ट. काकाचं काम करायला लग्नांत गाणारा एक गायक आणला होता. त्याने चोलपोन नावाच्या आमच्या घोडीकडे पाहिलं, चोलपोनने त्याच्याकडे पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत गायकाचं पोट बिघडलं. दुसऱ्या दिवशी तो शहरात परत गेला.

माक्सात शाइलोबेककडे आला. "बाइके," तो म्हणाला. तिकडे थोरल्या भावाला, दादाला, असंच म्हणतात. "बाइके, तुम्ही उभे राहाल?"

"पडायला ना? सांग कुठून पडू."

"पडायला नाही. काका म्हणून. नायक म्हणून."

शाइलोबेकने चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "आणि पडणार कोण?"

"तेही तुम्हीच."

चहा ओतता ओतता बुरुल म्हणाली, "म्हणजे एकाच ताटात दोन माणसं जेवणार. हुशार आहे हो पोरगा!"

शाइलोबेकने एकच अट घातली. डोक्यावर आपलाच कलपाक राहील. अशा रीतीने, मित्रांनो, मीही नट झालो.

पण काम जमेना. कागदावरचं हसू माणसांत उतरत नव्हतं. शाइलोबेक मारामारी अशी करायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पण कॅमेरा चेहऱ्याजवळ आला की तो लाकडासारखा व्हायचा. इतकी वर्षं तोंड लपवलेल्या माणसाला एकदम तोंड उघडं कसं करता येणार? चोरांच्या म्होरक्याचं काम करणारा ओमुरझाक त्याचा बरोबरीचा होता. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच घोड्यावरून पहिल्यांदा पडलेले. तिकडे अशा बरोबरीच्यांना एकमेकांची टर उडवायला परवानगी लागत नाही.

"अरे शाइलोबेक," तो म्हणायचा, "कॅमेरा आहे तो, पोलीस नाही! काहीतरी कर ना चेहऱ्याचं. निदान शिंक तरी!"

माक्सातला मात्र हसू येत नव्हतं. एका सकाळी त्याने सगळ्यांना बोलावलं आणि नवी कल्पना सांगितली. ओमुरझाकच्या फटक्याने काकाचा कलपाक उडेल, जमिनीवर पडेल, चोलपोन त्याच्यावरून जाईल, आणि काका चिखलात बसून भोकाड पसरेल.

"लोक पोट धरून हसतील," माक्सात म्हणाला.

 सगळ्यांसाठी पिठाचे गोळे तळणाऱ्या बाईने झारा बाजूला ठेवला.

"कलपाक? घोडीच्या पायाखाली?" शाइलोबेकने विचारलं.

"बाइके, गंमत आहे."

"कुणाची?"

माक्सातचे कान लाल झाले. तो वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. घाबरलेला होता. "मी शहरात वाढलो म्हणून मला रीत कळत नाही असं समजू नका," तो म्हणाला. "माझ्या आजोबांचा कलपाक अजून आमच्या घरी खुंटीवर आहे. पण सिनेमा मेलाय, बाइके. त्याला उठवायला काहीतरी करायलाच हवं. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. गायक बरा झालाय. त्याला बोलावतो, आणि तुम्ही नेहमीसारखं त्याच्या जागी पडा. जेवणानंतर सांगा मला."

शाइलोबेक तंबूमागे जाऊन बसला. बुरुल त्याच्याजवळ आली. बेरमेत तळलेला गोळा खात आईच्या पदराशी उभी होती.

"अहो," बुरुल हळू म्हणाली, "एवढं काय त्यात? मी दुसरा शिवून देईन. हुबेहूब. त्याला तुडवू दे घोडीला."

"हुबेहूब शिवशील, मला माहीत आहे. पण बघणाऱ्याला तो माझाच वाटणार ना? पहिल्यांदा माझं तोंड दिसणार, आणि त्या तोंडाने मी काय बघत बसणार? माझा कलपाक घोडीच्या पायाखाली?"

"मग सोडा. पडायचं काम काही वाईट नाही."

तेवढ्यात बेरमेतने विचारलं, "बाबा, आज तुमचं तोंड दिसेल?"

शाइलोबेकने मला डोक्यावरून काढलं. दोन्ही हातांत धरून माझ्याकडे पाहिलं. आतल्या त्या वाकड्या टाक्यावर त्याचा अंगठा थांबला. मग त्याने मला घट्ट डोक्यावर बसवलं आणि म्हणाला, "दिसेल. तोंडही दिसेल आणि कलपाकही डोक्यावर असेल. बुरुल, तुझा तो रुमाल दे. खांदा आवळून बांध."

"खांदा निखळेल हो!"

"निखळला तर निखळला. तो बसवता येतो."

तो माक्सातकडे गेला. "पोरा, तुझ्या मनासारखं कर. ओमुरझाकला म्हणावं, हवा तेवढा उंच उडव. कॅमेरा बंद करू नकोस. कलपाक खाली पडला, तर घोडीला आण. मी चिखलात बसून रडेन. नाही पडला, तर मारामारी मी म्हणेन तशी."

माक्सातने डोकं खाजवलं. "सातजण आहेत ते, बाइके."

"मोजता येतं मला."

कॅमेरा सुरू झाला. ओमुरझाकच्या पहिल्याच फटक्यात मी आभाळात गेलो. मित्रांनो, वरून सगळं उलटं दिसतं. बर्फाचे डोंगर खाली, घोडीचं पोट वर, आणि मध्ये एक माणूस माझ्याकडे धावत येणारा. एका चोराने त्याला पकडलं, तर त्या चोरालाच फिरवत फिरवत तो माझ्याखाली आला आणि मी नेमका त्याच्या डोक्यावर बसलो. पुन्हा फटका. या वेळी त्याने मला कोपरावर घेतलं. पुन्हा उडालो, तो चोलपोनच्या कानावर अडकलो. चोलपोनने कान झटकला. शाइलोबेकला मला पायाने सहज झेलता आलं असतं. त्याने पाय मागे घेतला आणि गुडघ्यांवर घसरत येऊन मला दातांत धरलं. दोन चोरांना त्याने मला दातांत धरूनच लोळवलं.

मग ओमुरझाकचा शेवटचा फटका आला. मी पुन्हा वर गेलो. शाइलोबेक उडी मारायला गेला आणि मला वरून हाड सरकल्याचा आवाज ऐकू आला, खट्! खांदा निखळला होता. तो पाठीवर आडवा पडला. मी खाली येत होतो. डाव्या हाताने तो गवतावर सरपटत होता, पण हात पोचत नव्हता. ओली माती वर वर येऊ लागली. मी डोळे मिटले. कलपाकाला डोळे नसतात, तरी मिटले.

आणि कुणीतरी मला झेललं.

ओमुरझाकने! चोरांच्या म्होरक्याने! हातातली काठी टाकून, गुडघ्यावर येऊन, दोन्ही तळहात पसरून. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. कलपाक जमिनीकडे जाताना दिसला आणि त्याच्या आजीने लहानपणी लावलेली सवय चोराच्या अंगातून धावत बाहेर आली. त्याने फुंकर मारून माझ्यावरचं गवत उडवलं, आणि मग त्याला आठवलं की आपण चोर आहोत. तो मला धरून उठला आणि दगडासारखा उभा राहिला.

 आता माक्सात ओरडणार, असं सगळ्यांना वाटलं.

पण शाइलोबेक उठला. निखळलेला हात लोंबत होता. त्याने डाव्या हाताने पँटचे गुडघे झटकले, आणि शेजाऱ्याच्या दारात चहाला गेल्यासारखा अदबीने ओमुरझाकपुढे उभा राहिला. डावा हात पुढे केला. कलपाक दोन्ही हातांनी घ्यायची रीत, पण उजवा हात वर येत नव्हता, म्हणून डोकंच खाली वाकवलं. ओमुरझाकने मला त्याच्या डोक्यावर नीट ठेवलं.

"देव तुझं भलं करो," शाइलोबेक म्हणाला. "घरी सगळी बरी आहेत ना?"

ओमुरझाक गोंधळला. "बरी आहेत. म्हातारीचे गुडघे तेवढे दुखतात."

"थंडीच फार होती यंदा. आणि मेंढ्या?"

"मेंढ्याही बऱ्या आहेत. एक जरा लंगड..."

धप्प! शाइलोबेकचा डावा गुद्दा बसला.

आडवा होता होता ओमुरझाक ओरडला, "अरे, मी अजून मेंढ्यांचं सांगतोय!"

माक्सात गवतावर बसला होता, तोंड हातांत झाकून. रडतोय की काय असं वाटलं. त्याने हात बाजूला केले, तर हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तळणाऱ्या बाईचे गोळे करपून काळे झाले होते आणि तिला त्याचं भान नव्हतं.

माक्सातने डोळे पुसले. "बाइके, हे पुन्हा जमेल?"

"त्याला जमेल," जबडा चोळत ओमुरझाक म्हणाला. "माझ्या जबड्याला विचार."

खांदा बसवून शाइलोबेक आठवडाभराने परत उभा राहिला, आणि सिनेमा मुळापासून बदलला. मी उडालो की मारामारी थांबायची. चोर मला झेलायचे, फुंकर मारायचे, परत द्यायचे, चौकशी करायचे, आणि मग पुन्हा एकमेकांचे गळे धरायचे. मारामारी जेवणाच्या पसरलेल्या कापडावर आली की आठही जण उड्या मारत कडेने जायचे, रोटीला पाय लागू नये म्हणून. एखादा म्हातारा घोड्यावरून समोर आला की सगळे छातीवर हात ठेवून त्याला सलाम करायचे आणि तो वळणाआड गेला की पुन्हा सुरू. हे सगळं त्या माणसांच्या अंगात आधीपासून होतं. ते बाहेर काढलं शाइलोबेकच्या चेहऱ्याने. तो हसवायला जात नव्हता. जितका जास्त मार खायचा तितका जास्त सभ्य व्हायचा. तो सभ्य, घामेजलेला, हट्टी चेहरा बघून लोक खुर्चीवरून घसरायचे. एरवी त्या सिनेमात फारसं काही नव्हतं हो. घोडी बरी होती आणि डोंगर बरे होते. बाकी सगळा सिनेमा त्या एका माणसाने आपल्या दुखऱ्या खांद्यावर वाहून नेला.

गावच्या सभागृहात सिनेमा लागला त्या दिवशी उभं राहायलाही जागा नव्हती. बेरमेत खुर्चीवर उभी होती. दिवे गेले, आणि पडदाभर एकच गोष्ट आली. शाइलोबेकचं तोंड. कपाळावरच्या आठ्यांसकट, डाव्या भुवईवरच्या व्रणासकट.

बेरमेतने आईचा खांदा हलवला. मग सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं ओरडली, "आई! घोड्याच्या अलीकडे आहेत!"

मी तेव्हा शाइलोबेकच्या डोक्यावर होतो. त्याचं कपाळ मला ओलं लागलं.

आणि पडद्यावर मी शेवटचा उडालो, खाली येऊ लागलो, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी दोन्ही हात वर केले. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. सगळं सभागृह अंधारात हात पसरून मला झेलायला उभं होतं. मित्रांनो, एवढा मान कुठल्या कलपाकाला मिळाला असेल?

पण मान मिळालेल्या वस्तूचे दिवस कसे फिरतात, तेही ऐका.

सिनेमाच्या कंपनीने मला बिश्केकला नेलं. "थोडे दिवस लोकांना बघायला ठेवतो, बाइके," असं सांगून नेलं. काचेच्या कपाटात मला ठेवलं, खाली दिवा लावला. मुलं काचेला नाक लावून बघायची. मग कंपनीने जागा बदलली. कपाट विकलं, मी सामानाच्या खोलीत गेलो. दुसरा सिनेमा निघाला, नट दुसरा घेतला, कारण शाइलोबेकचा खांदा आता पेलत नव्हता. उडवायला सोपे म्हणून पातळ कापडाचे खूपसे कलपाक शिवून आणले. पडद्यावर ते भिरभिर उडत होते म्हणे. पण खालचा चेहरा रिकामा होता. एकही प्रेक्षक हात वर करून उठला नाही. तो सिनेमा पडला आणि ते सगळे कलपाक माझ्याच खोलीत येऊन पडले.

एके दिवशी कुणीतरी वरची रंगाची बादली काढली. धक्का लागून मी फळीवरून घरंगळलो आणि खाली फरशीवर पडलो. त्याने वळूनही पाहिलं नाही. दार लागलं.

ज्याला सात चोर पाडू शकले नाहीत, त्याला एका बेपर्वा कोपराने पाडलं. फरशी थंड होती. वरून कुणाकुणाचे बूट मला ढकलत गेले. कसर लागली, मखमल विटली. मी वाट बघत होतो. उन्हाळे गेले, हिवाळे गेले.

तिकडे गावात शाइलोबेक दर काही महिन्यांनी फोन करायचा. "शोधतो हं, बाइके," असं उत्तर यायचं. शेवटी त्याला नवा, भरजरी कलपाक देऊ केला. तो म्हणाला, "नवा नको. माझं डोकं जुनं आहे." आणि तो स्वतः निघाला. गाडी बेरमेतने चालवली. ती आता मोठी झाली होती, घरी तिची स्वतःची तान्ही लेक होती.

खोलीचं दार उघडलं. फरशीवर कलपाकांचा ढीग. सगळे सारखेच मळलेले.

"बाबा, यातून कसा ओळखणार?" बेरमेत म्हणाली.

शाइलोबेक गुडघ्यांवर बसला. एकेक कलपाक उचलायचा, आत अंगठा फिरवायचा, आणि बाजूला ठेवायचा. जमिनीवर नाही हं. बेरमेतच्या हातात द्यायचा आणि ती फळीवर ठेवायची. ते पातळ, पडलेल्या सिनेमातले, तेही. मग त्याचा अंगठा माझ्यात आला आणि वाकड्या टाक्यावर थांबला.

"हा तुझ्यामुळे वाकडा झालेला," तो लेकीला म्हणाला. "तेव्हा तू रडत उठली होतीस." आणि माझ्यावर हळूच फुंकर मारली.

बुरुलने माझी भोकं रफू केली. आता तिची नजर अधू झाली आहे, त्यामुळे आणखी तीन टाके वाकडे पडले. असू देत. आता मी त्यांच्या घरी खुंटीवर असतो.

परवाची गोष्ट. बेरमेतची लेक नुकती चालायला लागली आहे. आजोबांच्या मांडीवर चढून तिने मला ओढलं आणि खदखदून हसत हवेत भिरकावलं. शाइलोबेकचा हात वर आलाच नाही. बुरुल दाराशी होती, लांब. मी पुन्हा एकदा खाली येऊ लागलो.

कणीक मळत बसलेली बेरमेत उठली कधी ते मला कळलं नाही. पिठाच्या हातांनी तिने मला जमिनीच्या वीतभर वर झेललं. फुंकर मारली. मग बापापुढे वाकून, दोन्ही हातांनी मला पुढे करत, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली,

"घरी सगळी बरी आहेत ना?"

"बरी आहेत," शाइलोबेक म्हणाला.

"आणि मेंढ्या?"

नात टाळ्या वाजवत होती. माझ्या काळ्या मखमलीवर पिठाची दहा बोटं उमटली होती. बुरुलने ती अजून पुसलेली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी झोपेतून, कामातून, दुधाच्या उतू जाण्यातून वेळ काढून तुमच्यासाठी काहीतरी शिवलेलं असेल. ते जुनं झालं असेल, वाकडंही असेल. ते पडताना दिसलं, तर हातातली काठी टाका. भांडण असेल तर तेही थोडा वेळ टाका. आधी झेला. भांडायला नंतर वेळ असतोच.